अहवालात लोह पुरेसे, तरी खोडवा पिवळा का?

खोडवाकरी (माळशिरस)

नमस्कार मंडळी. को ८६०३२ या उसाचा खोडवा आहे, म्हणजे तुटलेल्या लावणीच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस. लावण फेब्रुवारीत तुटली. बुडखे छाटले, पाचट सरीतच ठेवले, खताचा पहिला हप्ता पहारीने दिला. जमीन भारी काळी. पाणी विहिरीचे आणि नीरा उजव्या कालव्याचे आवर्तन आले की कालव्याचे. आता पोंग्यातली (शेंड्याच्या गुंडाळीतली) नवी पाने पिवळी निघतायत. शिरा हिरव्या आणि मधला पट्टा पिवळा, असे उभे पट्टे पानाच्या बुडापासून शेंड्यापर्यंत. काही बेटांत तर पान पांढुरके. खालची जुनी पाने मात्र हिरवीच आहेत.

मृद आरोग्य पत्रिका काढली आहे. सामू (पीएच) ८.३, सेंद्रिय कर्ब ०.४५ टक्के, लोह ५.२ पीपीएम (दहा लाख भागांत ५.२ भाग) आणि त्यापुढे "पुरेसे" असा शेरा. दुकानदार म्हणतो नत्र कमी पडलेय, युरिया सोडा. शेजारी म्हणतो केवडा आहे, म्हणजे लोह कमी पडून आलेला पिवळेपणा. पान पिवळे म्हणजे प्रकाशसंश्लेषण कमी आणि साखरही कमी, इतपत मला कळते. पण मातीत अन्नद्रव्य असून पानात ते काम का होत नाही, हे कुणी नीट उलगडून सांगेल का? फोटो खाली टाकलेत.

नांगरधारी (वाळवा)

फोटो बघितले. केवडाच हाय. युरिया अजिबात टाकू नगा. नत्र कमी पडलं की आधी खालची पानं पिवळी पडत्यात, तीबी अख्खी. तुमचं वरनं पिवळं होतंय. खोडव्याला हे जास्तच दिसतं कारण जुना जारवा, म्हंजे जुन्या मुळ्या, मेलेला असतोय आन नवी पांढरी मुळी अजून धरलेली नसती. त्यात विहिरीचं पाणी भरमसाट दिलं असंल तर झालंच. वाफसा येऊ द्या आधी, म्हंजे माती ओलसर पर मोकळी, हवा खेळती.

गावगन्ना

दुकानदाराला युरियाशिवाय दुसरे औषध माहीत नसते, आणि युरिया संपला की हिरव्या बाटलीतले टॉनिक. (हलके घ्या.)

पर्णरंध्र (पुणे)

नांगरधारी काकांचे निदान बरोबर वाटते. प्रश्न चांगला आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. वनस्पतिशास्त्र शिकवायची सवय, लांबले तर सांभाळून घ्या.

आधी एक गैरसमज दूर करू. हरितद्रव्याच्या रेणूत लोह नसतेच. त्याच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो आणि त्याभोवती नत्राचे चार. मग लोह कमी पडले की पान पिवळे का पडते? कारण हरितद्रव्य तयार होण्याच्या वाटेवरची काही विकरे (एन्झाइम) लोहाशिवाय चालत नाहीत. आणि हिरवा रंग हा त्यातला दिसणारा भाग झाला. पानातले बहुतेक लोह, साधारण ८० टक्के, हरितलवकांत असते. प्रकाशाने सुटलेले इलेक्ट्रॉन ज्या साखळीतून पुढे जातात, त्या साखळीत ते जागोजागी बसलेले असते. त्या साखळीतल्या एकट्या प्रकाशप्रणाली १ मध्ये लोहाचे १२ अणू लागतात. म्हणजे लोह तुटले की प्रकाश पकडणारे रंगद्रव्यही घटते आणि पकडलेली ऊर्जा पुढे नेणारी यंत्रणाही. दोन्ही बाजूंनी मार.

खालची पाने हिरवी का, याचे उत्तर असे की एकदा पानात बसलेले लोह सहसा हलत नाही. नत्र, पालाश, मॅग्नेशियम यांची टंचाई आली की झाड जुन्या पानांतून ते काढून नव्याला देते, म्हणून लक्षण खालून सुरू होते. लोहाचे तसे होत नाही. नव्या पानाला मुळांकडून ताजे लोह यावे लागते.

आता तुमचा "पुरेसे" शेरा. एक एकरातल्या वरच्या १५ सेंमी मातीचे वजन साधारण ९ लाख किलो धरतात. दख्खनच्या काळ्या मातीत लोहाची वाण नाही. ४ टक्के धरले तरी एकरात ३६ टन लोह झाले! त्यातले अहवालातले ५.२ पीपीएम म्हणजे पावणेपाच किलोच्या आत. बाकीचे गंजासारख्या अविद्राव्य रूपात पडून आहे. सामू एका अंकाने वाढला की मातीतल्या पाण्यात विरघळलेले फेरिक लोह हजारपटीने घटते. ८.३ ला काय उरत असेल बघा.

मग हे पावणेपाच किलो तरी मिळते का? प्रयोगशाळेत माती वाळवतात, चाळतात आणि सामू ७.३ ला बांधलेल्या डीटीपीए या लोह धरून काढणाऱ्या द्रव्याच्या द्रावणात दोन तास घुसळून काढतात. त्यात ४.५ च्या वर आले की "पुरेसे". तुमच्या सरीत मात्र माती ओली, सामू ८.३, आणि मुळांभोवती बायकार्बोनेट. शेरा खोटा नाही, पण तो वाळवलेल्या मातीचा आहे. शिवाय त्या पत्रिकेत १२ घटक तपासतात आणि त्यांत मुक्त चुनखडी नाही. ती वेगळी तपासून घ्या. तोवर ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. जोरात फसफसले की समजायचे.

खोडवाकरी

ताई, आम्ल मिळाले नाही म्हणून ढेकळावर लिंबू पिळले. तरीही फसफसले! विहिरीजवळच्या भागात जास्त, बांधाकडे कमी. आणि पिवळेपणा पण विहिरीजवळच जास्त आहे.

पर्णरंध्र

लिंबावर फसफसते म्हणजे चुनखडी भरपूर. पाणी साचले की मुळे आणि जिवाणू सोडतात तो कार्बन डायऑक्साइड बाहेर जाऊ शकत नाही, तो चुनखडीशी मिळून बायकार्बोनेट होतो. ते सामू तिथेच धरून ठेवते आणि लोह मुळांत शिरण्याआधीच अडते. म्हणून काका वाफसा वाफसा म्हणतायत.

थंडगार_मिनेसोटा

रोचक धागा. मी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात शेती सल्लागार म्हणून काम करतो. इथे उसाचे नाव नाही, पण पश्चिमेकडच्या चुनखडीच्या जमिनीत सोयाबीनला अगदी हेच होते. जूनमध्ये अख्खी शेते लिंबाच्या रंगाची होतात. एक गंमत सांगतो. पिवळ्या शेतात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या हिरव्यागार दिसतात. चाकाखाली माती दबते, हवा कमी होते, आणि तिथला नायट्रेट जिवाणूंच्या हातून वायू होऊन उडून जातो. नायट्रेट कमी म्हणून पान हिरवे. यावरूनच इथे सोयाबीनबरोबर ओट पेरून जादा नायट्रेट त्याला खाऊ घालायचे प्रयोग झाले, आणि ओट नंतर मारून टाकतात.

त्यामुळे दुकानदाराच्या युरियाला माझाही विरोध. युरियाचे मातीत नायट्रेटच होते.

नांगरधारी

म्हंजे माती दाबली तर हिरवं? मी तर उलटं सांगत होतो, हवा खेळू द्या म्हणून.

पर्णरंध्र

काका, तुमचे चुकत नाही. थंडगार, तुमचे निरीक्षण खरे आहे पण उसाला जसेच्या तसे लावू नका. सोयाबीन द्विदल. त्याची मुळे आम्ल सोडतात आणि मुळाच्या पृष्ठभागावर फेरिक लोहाचे फेरस (जास्त सहज विरघळणारे रूप) करून ते आत घेतात. नायट्रेट जास्त झाला की मुळांभोवती आणि पानातल्या पेशींबाहेरच्या रसात सामू चढतो आणि हे रूपांतर अडते. ऊस गवतवर्गातला. गवते वेगळीच युक्ती करतात. मुळांतून लोहाला पकडणारी द्रव्ये सोडतात आणि त्यांनी धरलेले लोह तसेच आत ओढतात. ही द्रव्ये बनवायला आणि सोडायला मुळी जिवंत, कोवळी आणि श्वास घेणारी हवी. तुमचा मेलेला जारवा ते करणार नाही. उसासाठी म्हणून वाफसाच.

द्राक्षवेल (तासगाव)

थोडे अवांतर, पण धाग्याशी संबंध आहे. आमच्या बागेत पाने पिवळी होती म्हणून देठ परीक्षण केले, त्यात लोह निरोगी वेलीइतकेच आले, एका नमुन्यात तर जास्त! प्रयोगशाळेत नमुने बदलले असे वाटून परत पाठवले, पुन्हा तेच. मग नेमके मोजायचे काय?

पर्णरंध्र

नमुना बदलला नव्हता. द्राक्ष आणि पीच यांच्यात हे जगभर दिसते. एक तर पिवळे पान वाढतच नाही, लहान राहते, त्यामुळे दर ग्रॅममागे लोह जास्त दिसते. दुसरे, पानापर्यंत पोचलेले लोह पेशींच्या बाहेरच्या भागात अडकून निष्क्रिय होते. एकूण लोह मोजणाऱ्या तपासणीला हा फरक कळत नाही. त्यापेक्षा पान रंगवून बघा. १८४० च्या दशकात फ्रान्समध्ये युझेब ग्री याने द्राक्षाच्या पिवळ्या पानांवर लोहक्षाराचे द्रावण लावून हेच दाखवले होते. पौने दोनशे वर्षांत याहून स्वस्त आणि खात्रीची चाचणी आलेली नाही, असे माझे मत.

खोडवाकरी, तुम्हीही करा. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल. कापसाच्या बोळ्याने पोंग्याजवळच्या एका पानाच्या अर्ध्या भागावर लावा, अर्धा तसाच ठेवा. ऊन उतरल्यावर करा.

गावगन्ना

वाचनखूण साठवली. पण एक शंका. पान हिरवे म्हणजे सगळे आलबेल, असे धरायचे ना मग? आमच्या मक्याला तर कुणी नाव ठेवणार नाही असा गर्द हिरवा रंग आहे, तरी वाढ खुंटलीय.

पर्णरंध्र

नाही, आणि फसगत इथेच होते. गर्द हिरवा आणि खुंटलेला मका म्हणजे पहिला संशय स्फुरदावर (फॉस्फरसवर). कडेने जांभळी झाक आहे का पाहा. स्फुरद तुटला की पानाची वाढ थांबते, पण हरितद्रव्य बनत राहते, म्हणून ते लहानशा पानात दाटून गडद दिसते. काम मात्र मंदावलेले असते. हरितलवकात तयार झालेली तीन कार्बनी साखर बाहेर जाते तेव्हा बदल्यात तेवढाच फॉस्फेट आत यावा लागतो, एकास एक. बाहेर फॉस्फेट नसला की साखर आतच स्टार्च होऊन साचते आणि पुढचे उत्पादन अडते. पानाचा हिरवेपणा मोजणारे एसपीएडी मीटर अशा पानाला उत्तम गुण देईल! ते मीटर दोन तरंगलांबींचा प्रकाश पानातून किती आरपार जातो एवढेच बघते. भातासाठी फिलिपिन्सच्या संस्थेने लोकप्रिय केलेला पानरंग तक्ताही तसाच. नत्राचा हप्ता ठरवायला फार कामाचा, स्फुरद-पालाशसाठी गैरलागू.

उलट बाजूही आहे. निरोगी पान दिसणाऱ्या प्रकाशातला साधारण ८५ टक्के भाग शोषून घेते. हरितद्रव्य निम्म्यावर आले तरी शोषण निम्मे होत नाही. म्हणून किंचित फिकट पान पाहून लगेच घाबरायचे कारण नाही. नत्राची गोष्ट निराळी. गहू-सोयाबीनसारख्या पिकात पानातल्या नत्राचा पाऊण वाटा हरितलवकांत असतो आणि त्यातला फार मोठा भाग रुबिस्को या एकाच विकरात, जे हवेतला कार्बन पकडते. तिथे नत्र घटला की रंग आणि कार्बन पकडण्याची ताकद हातात हात घालून घसरतात. ऊस आणि मका सी-४ गटातले, म्हणजे रुबिस्कोपाशी कार्बन दाट करून देणारे, त्यांना रुबिस्को कमी पुरतो, म्हणून तेवढ्याच नत्रात ते जास्त काम करतात. अर्थात उसाला नत्र उशिरा आणि जास्त दिला की पीक काळेभोर दिसते, लोळते, आणि साखर उतारा पडतो. काळाभोर ऊस पाहून खूश होणारे लोक मला अजून समजलेले नाहीत.

नांगरधारी

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो.

द्राक्षवेल

आणि पालाश?

पर्णरंध्र

पालाशाचा हरितद्रव्याशी थेट संबंध नाही, पण पर्णरंध्रे उघडण्या-मिटण्याचे काम त्याच्यावर चालते (माझ्या सदस्यनामाचा मान राखून सांगते). शिवाय पानात बनलेली साखर देठाकडे, मग कांड्यात किंवा मण्यात पाठवायला तो हवा. मॅग्नेशियमही. या दोघांची टंचाई झाली की पान साखरेचे कोठार बनते आणि दार बंद. मॅग्नेशियमच्या बाबतीत ही कोंडी पान पिवळे दिसण्याआधीच सुरू होते. घेवड्यावरच्या प्रयोगात मॅग्नेशियम कमी असलेल्या पानाचा एक भाग झाकून ठेवला तर तो हिरवा राहिला आणि उन्हातला भाग पिवळा पडला. म्हणजे पिवळेपणा हा निव्वळ हरितद्रव्य न बनण्याचा नाही. साखर तुंबल्यावर वापराविना उरलेली प्रकाशऊर्जा पान जाळत असते. उसात पालाश कमी असेल तर जुन्या पानांच्या कडा शेंड्याकडून करपतात आणि मधल्या शिरेच्या वरच्या अंगाला लाली येते. खोडवाकरींच्या फोटोत ती नाही.

बांधावरची_बाभळ

इतकी रसायने ओतण्यापेक्षा जीवामृत का नाही? माती जिवंत झाली की लोह आपोआप मोकळे होते. ३६ टन आहेच ना जमिनीत!

पर्णरंध्र

तत्त्व मान्य. सेंद्रिय आम्ले आणि काही जिवाणू लोहाला धरून विद्राव्य ठेवतात, ०.४५ टक्के कर्ब वाढवायलाच हवा. पण पोंगा आज पांढरा पडतोय आणि कर्ब वाढायला वर्षे लागतात. आणि एक खोच आहे. चुनखडीच्या ओल्यागच्च जमिनीत ताजे पाचट जोरात कुजू लागले की कार्बन डायऑक्साइड वाढून बायकार्बोनेटही वाढते. पाचट जाळू नका, पण त्यावर पाणी तुंबवू नका. हिराकस शेणखतातूनच द्यायची जुनी शिफारस मला पटते. हेक्टरी २५ किलो हिराकस दहापट शेणखतात पाचसहा दिवस मुरवून मग मुळांजवळ द्यायचे. तसेच उघडे जमिनीवर फेकले तर चुनखडी ते दोन दिवसांत गंजवून टाकते.

बांधावरची_बाभळ

शेणखतात मुरवलेले असेल तर माझी हरकत नाही. :)

द्राक्षवेल

चिलेट (लोहाला धरून विद्राव्य ठेवणारे खत) घेणाऱ्यांनी पाकीट वाचा. ईडीटीएवाले १२ टक्के लोह फवारणीला ठीक, पण आमच्या सामूला जमिनीत टिकत नाही, लोह सोडून कॅल्शियम धरून बसते. ठिबकमधून जमिनीत द्यायचे तर ईडीडीएचएवाले ६ टक्के, लालसर रंगाचे. किंमत ऐकून घाम फुटतो. आकडा १२ मोठा म्हणून तेच भारी, असे समजणारे खूप आहेत.

खोडवाकरी

निकाल सांगतो. बोळा लावलेला अर्धा भाग हिरवा झाला, दुसरा पिवळाच राहिला. मग चार सऱ्यांवर फवारा मारला. जिथे थेंब पडला तिथेच हिरवे ठिपके उठलेत, मधली जागा पिवळीच, पान चितळासारखे दिसतेय. तीन-चार बेटांना मात्र काहीच फरक नाही. त्यांचे फुटवे गवतासारखे बारीक, पांढरे आणि झुपकेदार आहेत. फोटो जोडतोय.

नांगरधारी

ती बेटं गवताळ वाढीची हायत, रोग हाय त्यो. केवडा न्हवं. मुळासकट उपटून शेताभायेर न्या, आन त्या प्लॉटातलं बेणं कुणाला देऊ नगा. बाकीच्यास्नी आठ-दहा दिवसांनी परत फवारा, ठिपके दिसत्यात म्हंजे थेंब बारीक पायजे.

पर्णरंध्र

ठिपके हाच लोह न हलण्याचा पुरावा. पानावर जिथे पोचते तिथेच कामाला लागते. फवाऱ्यानंतर येणाऱ्या नव्या पानांना त्यातले फारसे मिळत नाही, म्हणून मुळांची सोय झाल्याशिवाय फवारे थांबणार नाहीत. विहिरीच्या पाण्याचा अहवाल काढा, त्याशिवाय हे कोडे अर्धेच सुटेल.

खोडवाकरी

काढला. कार्बोनेट ०.६, बायकार्बोनेट ८.२, कॅल्शियम २.४, मॅग्नेशियम ३.१. सगळे मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर. हे वाचायचे कसे?

थंडगार_मिनेसोटा

पहिल्या दोघांची बेरीज ८.८, पुढच्या दोघांची ५.५. वजा केले तर ३.३. हा उरलेला सोडियम कार्बोनेट. १.२५ पर्यंत पाणी चांगले, २.५ पर्यंत जपून, त्यावर सिंचनाला अयोग्य धरतात. तुम्ही दर पाळीला लोह अडवणारे द्रव्य पाण्यातूनच सोडताय. विहिरीजवळ पिवळेपणा जास्त का, ते आता कळले असेल.

नांगरधारी

आवर्तन आलं की कॅनॉलचंच पाणी द्या, न्हाईतर दोन्ही मिसळून. विहिरीवरच भागवायचं असंल तर पाण्यात जिप्सम सोडायची सोय करा. पाळी लांबवा, एक सरी आड द्या.

खोडवाकरी

फवारणीचे पाणीही त्याच विहिरीचे होते. हिराकस टाकल्यावर थोड्या वेळाने पंपात तांबूस गाळ बसला होता, ते का?

पर्णरंध्र

त्या बायकार्बोनेटमुळेच. फेरसचे फेरिक झाले आणि खाली बसले, पानाला मिळाले ते उरलेसुरले. पुढच्या वेळी कालव्याचे किंवा पावसाचे पाणी घ्या, सायट्रिक आम्ल आधी विरघळवा, हिराकस नंतर, आणि द्रावण फिकट हिरवे असतानाच मारून संपवा.